साखरबाईच्या लिंबोणीचा ताण

पांढऱ्या फक्कीची रेघ सरळ आली न् लिंबोणीच्या बुंध्याला धडकली. दत्तोबा भावजी फक्कीचं घमेलं घिऊन तितंच थांबले न् म्हणाले, "हिला काढावं लागतंय."

झालं! साखरबाई पदर खोचून बाहेर आली न् लिंबोणीपुढं फतकल मारून बसली.

"पयली मला काढा, मग तिला!"

मी तानूबाई, या नवरा-बायकोची शेजारीण. आमच्या दोघींच्या परड्यात तारंचं कुंपण हाय, पर ते आपलं नावाला. त्या तारंतनं विरजण जातं, मीठ जातं, न् भांडणबी सगळं ऐकू येतं. मी हातातलं भांडं ठिवलं न् सरळ कुंपणाला टेकून हुबी राहिले. चोरून ऐकायची मला सवय न्हाय.

प्रकरण असं व्हतं. त्यांचा पोरगा रविराज बारामतीला कंपनीत कामाला, त्यानं चारचाकी घेतलेली. गाडीला पत्र्याची सावली पायजे. सावली घालायची तर जागा परड्यातच, न् परड्याच्या बरोबर मधी साखरबाईची लिंबोणी.

"आगं, आठ वर्सं झाली तिला," भावजी म्हणाले. "फूल न्हाय का फळ न्हाय. काटं तेवढं बोटाएवढं. परवा तुझं पोट बिघडलं तवा लिंबू आणाया मी सणसरच्या स्टँडवर गेलो. जाताना हिच्याच खालनं गेलो! लोक काय म्हणत असतील?"

"लोकांस्नी काय म्हणायचं ते म्हणू द्या. माझ्या आईनं लासुर्ण्यावरनं आणलंय ते रोप. रंगाच्या डब्यात घालून, मांडीवर धरून. त्याच साली ती गेली. तिच्या हातचं दुसरं काय हाय का माझ्याजवळ?"

असं म्हणल्यावर भावजींनी घमेलं खाली ठिवलं. माणूस तसा वाईट न्हाय, फक्त मागं सरायचं म्हणलं की त्यांच्या जिवावर येतं. ते म्हणाले, "बरं. संक्रांतीपतूर एक फूल दाव. एकच. न्हाय आलं तर मग मात्र बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत," साखरबाई म्हणाली, न् लगेच आत जाऊन तिनं आबाजीला फोन लावला.

आबाजी तिचा मावसभाऊ. इंदापूर तालुक्यातच, पर तिकडं जिरायत पट्ट्यात राहतो. त्यांच्या आज्यापणज्यांनी मेंढरं राखली, आता हा डाळिंब करतो. दुसऱ्या दिशी मोटरसायकलीवर आला, लिंबोणीभवती दोन येढं मारलं, एक पान चोळून हुंगलं न् इचारलं, "आक्का, पाणी किती देतीस?"

"सकाळी दोन बादल्या, सांच्याला दोन. उन्हाळ्यात वरनं आणि एक. पाण्याला म्या कधी कमी केलं न्हाय बग."

"मग हिनं कशाला फुलायचं?" आबाजी म्हणाला. "खाऊनपिऊन जावयासारखी बसलीया. आक्का, झाडाला तहान लागली, आता आपलं काय खरं न्हाय असं वाटलं, की मग ते फुलाया बघतं. हिला ताण दे. आळं मोकळं कर, माती चाळव, न् म्हैनाभर थेंब देऊ नको. पानं पिवळी पडतील, सुकतील, निम्मी गळतील. गळू दे. मग शेणखत घाल, बेतानं पाणी दे, न् पंधरा दिसांत मला फोन कर."

"म्हैनाभर? माझ्या दारात? तहानलेलं?" साखरबाईनं तोंडाला पदर लावला.

आता हितं एक गोष्ट तुमाला सांगितली पायजे. आमी कालव्याकडंचं लोक. उसाला पाणी, म्हशीला पाणी, दारात माणूस आला की आधी पाणी. पाणी कसं द्यायचं हे आमाला झोपंतबी कळतं. कसं न द्यायचं, हे आमाला कुणी शिकवलंच न्हाय. आबाजीकडं पोरगं रांगायच्या आधी ताण म्हंजी काय ते शिकतं. आमच्याकडं कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली तर माणूस जेवत न्हाय.

तरी साखरबाईनं शब्द दिला. बादल्या उचलून माळ्यावर टाकल्या. आळं मोडलं. सगळ्यांस्नी बजावलं, "कुणी थेंब घालायचा न्हाय. माझ्या आईची शप्पत हाय." भावजीबी मान हलवून व्हय म्हणाले. त्यांची सून दिपाली व्हय म्हणाली. मला कुणी इचारलं नव्हतं, तरी मीबी कुंपणावरनं व्हय म्हणलं.

इस-बावीस दिस झाले. थंडी अशी पडली की सकाळी उसाच्या गाड्यांवरची माणसं नुसती डोळ्यांपुरती दिसायची. समद्यांच्या अंगणातली झाडं मलूल झाली, न् साखरबाईची लिंबोणी? नुसती तुकतुकीत! शेंड्याला नवी पालवी, कवळी, पोपटी. आबाजीचा फोन आला, "पानं गळाली का?"

"न्हाय बा. फुटवा आलाय."

"काय आलाय?"

"फुटवा. लई ग्वाड दिसतीया."

तिकडनं त्यानं मोटरसायकलीची किल्ली मागितल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मी येतो."

आला तो भर दुपारी, न् थेट खुरपं मागितलं. आमी सगळी गोळा झालो. भावजी रानातनं नुकतंच आलेले, ते ओसरीच्या कडंला टेकले न् म्हणाले, "काय तपासायचंय? जमिनीतच ओल असंल."

"ओल कुठनं येती तेच बघतो, दाजी."

त्यानं बुंध्याच्या एका अंगाला खुरपं घातलं, ढेकूळ काढलं न् नाकाला लावलं. "हितं साबणाचा वास येतोय. कपडं धुयाचं मशीन कुठं हाय?"

दिपाली लाल झाली. "त्याची नळी हाय ना, ती आपोआप वळती तिकडं."

"आपोआप?"

"थोडी मी वळवली. दुपारी ती पानं अशी खाली मान घालायची, मला बघवायचं न्हाय."

"बरं." आबाजी कुंपणाच्या अंगाला सरकला न् परत उकरलं. मातीत भाताची शितं. "ही कुणाची?"

सगळी माझ्याकडं बघाया लागली. मी म्हणलं, "भांड्याचं पाणी हाय, जातं वाहत. उतारच तसा हाय."

आबाजीनं उतार बघितला. उतार माझ्या बाजूला व्हता.

आता काय करता! मी गप माझ्या पायाकडं बघितलं. नशीब, तो लगेच बुंध्याजवळ वाकला. तितं तांब्याच्या बुडाएवढा वला गोल उमटलेला.

"आक्का?"

"तुळशीचं उरलेलं असंल ते," साखरबाई म्हणाली.

"तुळस पंधरा पावलं तिकडं हाय."

"मग काय रिकामा तांब्या घिऊन परत यायचं? थोडं राहतंयच की तळाला." तिचा आवाज बारीक झाला. "एवढंसंच घालत व्हते रे. नरडं वलं हुण्यापुरतं."

दत्तोबा भावजींनी मांडीवर थाप मारली. "बघा! बघा! शप्पत घालणारी हीच, न् मोडणारी हीच. मी सांगतो आबाजी, या बायकांच्यानी काय हुयाचं न्हाय. रेघ मारूनच ठिवलीया मी. आणू का कुऱ्हाड?"

"थांबा दाजी. चौथी बाजू राहिली."

चौथ्या बाजूला उसाचं पाचट पसरलेलं. आबाजीनं ते हातानं बाजूला सारलं न् आमी सगळी बघतच राहिलो. खाली एक पाट. वीतभर रुंद, काठ थापून गुळगुळीत केलेलं, कुठं वाकडं न्हाय का तिकडं न्हाय. तोंडाला गवताचं ढेकूळ बसवलेलं, पायजे तवा काढावं, पायजे तवा लावावं. पाट निघाला व्हता म्हशीच्या हौदाच्या सांडव्यापसनं, न् पाचटाखालनं गुमान येऊन लिंबोणीच्या मुळाशी थांबला व्हता.

साखरबाई खाली बसली. पाटाच्या काठावरनं तिनं हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "चाळीस वर्सं उसाला पाण्याची दारं धरल्याशिवाय असा पाट निघत न्हाय. आख्ख्या शिवारात एकाच माणसाचा हात असा हाय."

भावजी खाकरले. "हौद सांडत व्हता. चिखल व्हतो, म्हशीचा पाय घसरतो."

"आन् पाचट?"

"ते वाऱ्यानं आलं असंल."

"तुमीच तोडाया निघाला व्हता की तिला!"

"तोडणारच व्हतो!" भावजी एकदम उसळले. "पर तहानलेली कशी तोडायची? फाशी देताना माणसालाबी इचारत्यात शेवटचं काय पायजे म्हणून." मग त्यांचा आवाज उतरला. "आन् तुझ्या आईनं यष्टीतनं उतरताना तो डबा माझ्याच हातात दिला व्हता. म्हणाली, जावईबापू, जपून धरा. तेव्हापासनं तिला वाळलेलं बघायचं म्हणलं की माझा हात खोऱ्याकडं जातो."

 मला तर रडू आलं, न् हसूबी आलं, म्हणून मी पदरात शिंकल्यासारखं केलं.

आबाजीनं हात झटकले. "चार वाटंनी पाणी पिऊन बसलीया ही. कशी फुलंल? आता पयल्यापसनं मोजायचं. काळी जमीन हाय, म्हैना धरा."

"म्हैन्यात संक्रांत जाईल की," दिपाली म्हणाली.

साखरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. भावजींनी वर ओसरीच्या पत्र्याकडं बघितलं. "बरं बरं. शिमगा धरा," म्हणाले.

दुसऱ्या दिसापसनं साखरबाईचं ध्यानच बदललं. लिंबोणीपुढं पोत्यावर बसायची, मांडीवर काठी, न् पाठ झाडाकडं. पाठ का तर बघितलं की जीव वितळतो. मशीनची नळी तिनं स्वतःच्या हातानं मोरीला बांधली. पाट मुजवला. मी नुसता तांब्या घिऊन कुंपणाकडं आले तरी काठी आपटायची, "तानूबाई, मागं व्हा!"

"आगं, मी चूळ भराया आले."

"तिकडं भरा!"

जानेवारीच्या मधी एका दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी ढग, काळाकुट्ट. सगळी वस्ती गव्हाच्या न् हरभऱ्याच्या काळजीनं रानात पळाली, न् ही बाई ताडपत्री घिऊन लिंबोणीकडं! "धरा गं!" म्हणून वरडली. एक कोपरा तिनं धरला, एक दिपालीनं, एक मी तारंवरनं वाकून. चौथा राहिला. तेवढ्यात रानाकडनं भावजी धापा टाकीत आले, गव्हाचं काय झालं ते बोललेच न्हायत, न् गप कोपरा धरला. अर्धा तास भुरभुर झाली. आमी चौघं भिजून चिंब, न् खाली लिंबोणी कोरडी ठाक. जाणारा-येणारा सायकल थांबवून बघत व्हता.

मग पानं पिवळी पडली. सुकली, वळली, न् गळाया लागली. रोज सकाळी आळ्यात सडा. साखरबाई ती पानं वेचून ओट्यात घ्यायची. एकदा मी बघितलं, ती पानं हातात धरून रडत व्हती. मला बघून म्हणाली, "तानूबाई, मीच मारती का काय हो तिला? आईला काय सांगू?"

 भांडाया आली असती तर बोलले असते, पर या रडण्याला काय बोलायचं? मी तार वर धरली, खालनं पलीकडं गेले न् तिच्याजवळ बसले. त्या दिशी माझं भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

म्हैना भरला. आबाजीनं फोनवर फोटो बघितला न् म्हणाला, "आता द्या. दोन पाट्या शेणखत, न् पाणी बेतानं." साखरबाईनं माळ्यावरनं बादली काढली, भरली, न् नवऱ्यापुढं ठिवली. "तुमी द्या. तुमाला मोप कळतं दारं धरायचं."

भावजींनी चपला काढल्या न् ओंजळी-ओंजळीनं, बाळाला न्हाऊ घालावं तसं पाणी दिलं. माती फुसफुस करीत प्याली.

सतराव्या दिशी सकाळी साखरबाईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच! मी हातातली चहाची गाळणी तशीच घिऊन पळाले. लिंबोणीच्या काड्याकाड्यांवर बारीक कळ्या, कडंला जांभळट, न् दोन-चार तर उमललेल्या, पांढऱ्याफेक. वास असा की म्हशीनंबी मान वर केली. साखरबाई बोलत न्हवती, नुसती एका फांदीला धरून हुबी व्हती. भावजी आले, बघितलं, आत जाऊन फक्कीचं घमेलं आणलं न् उरलीसुरली रेघ पायानं पुसून गोठ्याच्या मागं नवी मारली. गाडी तिकडं लांब हुबी राहती आता. रविराज कुरकुरतो. कुरकुरू दे.

हितं गोष्ट संपायला पायजे व्हती. पर माझ्या कानावर आलं, की दत्तोबा भावजी सणसरच्या चौकात बसून लोकांस्नी शिकवत्यात: "झाडाला ताण द्यावा लागतो मर्दांनो. मन घट्ट लागतं. बायकांच्यानी हुयाचं न्हाय ते. मी हुबा राहून करून घेतलं." मी शब्द न् शब्द साखरबाईला सांगितला. चहाडी न्हाय, शेजारधर्म.

दुसऱ्या दिशी सकाळी भावजी तोंड धुऊन ओसरीवर बसले. दिपालीला चहा मिळाला. कुंपणावरनं मला मिळाला. भावजींपुढं काय यीना.

"आगं, चहा."

"न्हाय."

"का?"

"सवय झालीया तुमाला. दिसातनं चारदा पिऊन सुखी बसलाय. जरा तहान लागू द्या, मग फुलशीला," साखरबाई चुलीपसनं म्हणाली. "पानं गळाली की देती."

 भावजींनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठिवली, न् चकचकीत टकलावरनं हात फिरवीत म्हणाले, "ती तर कवाच गळाली की गं. आता तरी दे."