पुट्टीचं नाक

"सर, याच्या डोळ्यांत बुबुळं कुठे आहेत?"

हा प्रश्न ठिपकीच्या मैत्रिणींनी तिला विचारायला लावला होता. हिंमत असेल तर विचार, नाहीतर उद्यापासून आमच्या बाकावर बसू नकोस, अशी पैज होती. तिने चक्क उभं राहून, पेन्सिल माझ्यावर रोखून विचारलं. तिला रागही आला होता, कारण पाचच मिनिटांपूर्वी चित्रकलेच्या सरांनी तिची वही उंच धरून वर्गाला म्हटलं होतं, "बघा, बशीएवढे डोळे. अशी माणसं कुणी पाहिली आहेत का?"

सरांनी चष्मा वर सरकवला. "ती शैली असते," ते म्हणाले.

"मग माझ्या वहीतली पण शैलीच ना, सर?"

वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. मला मात्र कित्येक वर्षांनी बरं वाटलं, कारण बुबुळं नसलेला तो मीच.

मित्रांनो, मी चित्रकलेच्या खोलीतला एक जुना अर्धपुतळा आहे. प्लास्टरचा. डोकं, मान आणि छातीचा एवढासा तुकडा. चेहऱ्यावरून फार विचारी वाटतो, पण आतून पूर्ण पोकळ आहे. एका कारखान्यात रबराच्या साच्यात पांढरा पातळ लगदा ओतला, वाळू दिला, साचा सोलला आणि मी बाहेर आलो. त्या साच्यातून माझ्याआधी दोनशे जण निघाले होते. आम्ही ज्याची नक्कल, तो मूळ पुतळा कारखान्यात कुणीही पाहिलेला नव्हता. आणि तरीही मलाच पुढे ठेवून सर मंगा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा, काढणाऱ्या मुलांना म्हणतात, "तुमचे सगळे चेहरे एकाच साच्यातले." ऐकूनच शिसारी येते.

माझी पहिली वर्षं कौतुकात गेली. खिडकीजवळचं उंच स्टूल मला मिळालं. "याला म्हणतात चेहरा," असं सर प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचे आणि सांगताना माझ्या डोळ्यात बोट घालायचे. त्या बोटाला कधी कोळसा असायचा, कधी बिस्किटाचा चुरा. मुलांनी तर विचारूच नका. माझ्या डाव्या कानामागे चार च्युइंगम आहेत. वरिष्ठ तपासणीला येणार म्हटलं की मला न धुता, न पुसता वरून पांढरा ऑइलपेंट फासला जातो. असे सात थर झाले. च्युइंगम अजून तिथेच आहेत, रंगाखाली, गोळ्या गोळ्या. आणि हाच मी म्हणे शुद्ध सौंदर्याचा नमुना.

आता खरी गंमत सांगतो. अकरा वर्षांपूर्वी खिडकीतून चेंडू आला आणि माझं नाक उडालं. ते कपाटाखाली गेलं, तिथून केरात. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि सर रजेवर होते. शिपाईकाकांकडे भिंतीची भोकं बुजवायची पुट्टी होती. पण नाक कसं होतं, ते कुणाला आठवेना. मग काकांनी बेसिनवरच्या आरशात पाहिलं आणि स्वतःचं नाक मला बसवून दिलं. शेंड्याला जरा जाड, डावीकडे किंचित कललेलं. वर पॉलिशपेपर मारला, रंग दिला.

सर रजेवरून आले, म्हणाले, "अरे वा, रंग दिला वाटतं." बस. तेव्हापासून आजपर्यंत ते शिपाईकाकांच्या नाकावर छडी ठेवून सांगतात, "हे शास्त्रशुद्ध नाक. याचा अभ्यास करा." आणि ज्याला ते जमत नाही त्याचे गुण कापतात.

नाक चिकटवल्याचा तो सांधा एकटीला दिसला, ठिपकीला. ती सावली बोटाने फासत नाही, काळ्या पेनाने ठिपके ठिपके देऊन भरते, म्हणून हे नाव. तिने माझं चित्र काढलं तेव्हा कपाळ आणि नाक यांच्यामधली केसाएवढी रेघही काढली. सरांनी दोन गुण कापले. "तडा कशाला काढलास? दिसतं ते सगळं काढायचं नसतं." त्याच तासाला तिच्या मंगाच्या पानांवर नाक मुरडत म्हणाले, "जे दिसतं तेच काढावं." एका तोंडाने दोन गोष्टी, आणि दोन्ही वेळा छडी माझ्या डोक्यावर. वीट आला हो मला या माणसाचा पुरावा होण्याचा.

पोरखेळ, परकं, नुसती मारामारी. मंगा म्हटलं की सरांचे हे तीन शब्द ठरलेले. मंगा म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली गोष्ट. तीच हलायला लागली की ॲनिमे. त्यात वाईटही असतं, कोण नाही म्हणतं? पण सरांनी त्यातलं एक पान उलटून पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, कारण ठिपकी शाई वाळायला तिची पानं माझ्या स्टुलाला टेकवून ठेवते. एक मुलगी बस डेपोत बाबांची वाट बघते, एवढीच बारा पानांची गोष्ट. आठव्या पानावर एकही शब्द नाही. काळे हात. साबणाचा फेस. मग धुतलेले हात, पण नखांच्या कडा काळ्याच. मारामारी कुठे दिसली तर मला सांगा.

मग मोठ्या कलाशाळेचं पत्र आलं. सुट्टीतल्या वर्गाला प्रत्येक शाळेने पाठवलेल्या एका मुलाला थेट प्रवेश. बाकीच्यांनी शेकडो अर्जांत नशीब बघायचं. सर ठिपकीला म्हणाले, "तुझंच नाव पाठवतो. फक्त ती बारा पानं काढून टाक आणि या पुतळ्याची बारा चित्रं दे." तिने पानं दप्तरात घातली, तेव्हा त्यांनी आईबाबांना बोलावलं.

शनिवारी दोघं माझ्यासमोर येऊन बसले. आई शिवणकाम करणारी, गळ्यात टेप तशीच राहिलेली. बाबा डेपोत मेकॅनिक.

"अगं, काढ ना डोकी," बाबा म्हणाले. "बाराच तर आहेत. तुला काय अवघड?"

"हुशार आहे हो," सर म्हणाले. "पण हे वेड जाऊ दे."

आई तोवर पानं बघत होती. "बाही बघा हिने काढलेली," ती म्हणाली. "चार रेघांत कोपर कळतंय. यावरून मी कापड कापेन."

बाबांच्या हातात आठवं पान आलं. त्यांनी ते बराच वेळ धरलं आणि दुसरा हात हळूच खिशात घातला.

"बाहेर काढा," आई म्हणाली. "आता लपवून काय उपयोग, कागदावर आलेत."

"हात ठीक आहेत," सर म्हणाले. "डोळे बघा की."

"मोठे आहेत," बाबांनी कबूल केलं. "पण पोर वाट बघतेय, सर. वाट बघताना होतात तेवढे."

एवढ्यात शिपाईकाका चहा घेऊन आत आले. ठिपकीने त्यांच्या नाकाकडे पाहिलं. मग माझ्या. मग परत त्यांच्या. काकांनी ट्रे टेकवला आणि गुपचूप ओठांवर बोट ठेवलं. ठिपकी खुदकन हसली. एका वाक्यात ती सरांचं तोंड बंद करू शकली असती. तिने काकांना सांभाळून घेतलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला धुवा, आधी कानामागे. मला पाहून खुशाल शिका, पण मला छडी करून कुणाला मारू नका. आणि एखाद्या चित्राला नावं ठेवायची असतील, तर निदान ते पूर्ण बघून ठेवा. मला अकरा वर्षं रोज बघून एका ठिपकीशिवाय कुणी पाहिलं नाही.

ठिपकीने बारा पानं गोळा केली, कडा ठोकून सारख्या केल्या.

"आई, बाबा, माझं ठरलंय. शाळेतर्फे दुसऱ्या कुणालाही पाठवू देत. मी स्वतःच्या नावाने अर्ज करणार आणि हीच पानं लावणार. नाही घेतलं, तर पुढच्या वर्षी परत लावणार. आणि हा पुतळाही काढणार मी, बारा वेळा सांगितलं तर बारा वेळा. पण नाकाचा सांधा दाखवूनच."