शाळा म्हणजे काय

अनुकूल बाजू, मिनिट तिसरं

"चौथीपर्यंत मला वाचता येत नव्हतं," अंकिता म्हणाली आणि थांबली.

शेवटच्या रांगेत शरणप्पाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. थांबायचं, मनात तीन मोजायचे, मग पुढचं वाक्य. एक, दोन, तीन.

"आमच्या वस्तीवरच्या शाळेत सात मुलं होती, एक गुरुजी होते, फळा होता. फक्त शिकणं नव्हतं. अशी शाळा बंद करा म्हणताना मला आनंद होत नाही, अध्यक्ष महोदय. पण ती उघडी कधी होती, हे मला कुणीतरी सांगावं."

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. घंटा वाजली, ती टाळ्यांत कुणाला ऐकूच आली नाही. शरणप्पाला कळलं, करंडक आला.

तयारी, चार दिवस आधी

शरणप्पा कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि पाच वाजले की त्याच टेबलांवर मुलांना वादविवाद शिकवायचा. बावीस वर्षं झाली. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. मुलं 'सर' म्हणत, तेवढ्यावर गाडी चालली होती. पण त्याचा संघ अंतिम फेरीत कधी पोचला नव्हता.

यंदा पोचला. ठराव होता, 'कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात.' बाजूची चिठ्ठी अनुकूल निघाली आणि अंकिताचं तोंड उतरलं. ती मंद्रूपजवळच्या एका वस्तीवरची.

"सर, ह्या बाजूनं मी कशी बोलू? मी तसल्याच शाळेत शिकले की."

"मग तर लई सोपं. आधी ठराव फोड. पट कमी म्हणजे किती, ह्यात अडकू नको, समोरचे आकडेच घेऊन येणार. आपण शाळा धरायची. शाळा म्हणजे भिंती न्हवं, शिकणं. शिकणंच नसंल तर ती आधीच बंद पडलीय, आपण फक्त कुलूप लावतोय. झाली बाजू उभी. आता पुरावा."

"पुरावा कुठनं आणायचा?"

"तू हायस की."

"पण मला तर दुसरीतच वाचता येत होतं, सर! जोतीराम गुरुजी खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, दिसंल ते वाचायला लावायचे."

"ते घरी सांग. हितं म्हणायचं, 'चौथीपर्यंत मला वाचता येत नव्हतं.' आकड्याला आकडा भिडतो अंकिता, माणसाला भिडत न्हाय. आणि स्पर्धेत खरं-खोटं नसतं. बाजू असती."

तिनं ते चौथीचं वाक्य वहीत लिहून घेतलं. मग पेन बंद करून ती खिडकीबाहेर बघत बसली. शरणप्पा म्हणाला, "पुन्हा म्हण. 'नव्हतं'वर जोर दे."

प्रश्न, निकालानंतर

सभागृहाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा गर्दीतून वाट काढत शरणप्पासमोर येऊन उभा राहिला.

"अंकिताचे सर तुमीच का? मी जोतीराम. तिचा शाळंतला गुरुजी. रिटायर होऊन दोन वर्सं झाली. तिची आई म्हणली, पोरगी सोलापुरात बोलणार हाय. म्हणून आलो."

शरणप्पानं हात जोडले. ते जोडलेलेच राहिले.

"खांबाआड बसलो हुतो. लई धीट बोलली." गुरुजींनी टोपी सारखी केली. "तिला वाचता येत न्हवतं, हे माज्या ध्यानातच आलं न्हाय बगा. पोरगी पाठ करून म्हणत असंल, मी आपलं त्यालाच वाचन समजलो."

"गुरुजी, खोटं हुतं ते!" करंडक छातीशी धरून अंकिता धावत आली. तिची स्टेजवरची भाषा पार गळून पडली होती. "मला येत हुतं! तुमास्नी म्हाईत हाय की!"

"राहू दे बाय. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. एवढ्या माणसांत, माईकवर, कोण खोटं बोलंल?" गुरुजी शरणप्पाकडं वळले. "व्हय का न्हाय, सर?"

उत्तर, वेळ दोन मिनिटं

मुद्दा पहिला. स्पर्धेत हे चालतंच.

मुद्दा दुसरा. गुरुजींचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

मुद्दा तिसरा.

परीक्षक तीन पावलांवर चहा पीत उभे होते. प्राचार्य त्यांना बोटानं शरणप्पा दाखवत होते. अंकिता त्याच्याकडं बघत होती, नुसती बघत होती.

मुद्दा तिसरा.

"लहानपणचं," शरणप्पा म्हणाला, "पोरांना नीट आठवत नसतं, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली.

"व्हय. पण मला आठवाय पायजे हुतं."

आणि ते पायऱ्या उतरू लागले. अंकितानं करंडक शरणप्पाच्या हातांत दिला. ती काही बोलली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं, बावीस वर्षं तो तेच शिकवत आला होता. ती गुरुजींच्या मागं पळाली.

"सर, करंडक जरा वर धरा की! स्पर्धेचं नाव दिसंना," फोटोवाला म्हणाला.

शरणप्पानं वर धरला.

फाटकापाशी गुरुजी थांबले होते. शाळेतली बाकीची सहा पोरं ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. एकेक नाव घेऊन 'ह्याला तरी वाचता येत हुतं का?' असं तिला विचारत होते, आणि दर नावाला अंकिता जोरजोरानं मान डोलवत होती. सहाव्या पेरावर अंगठा आला. गुरुजींनी थोडा विचार केला, आणि अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर नेला.