टेकडीपलीकडून आलेली साद

बुधवारी डॅडने पॅनकेक करपवले आणि दोष तव्याला दिला. आईने खिडकी उघडली, तशी बाहेरची थंडी आत घुसली. "त्यापेक्षा धूर परवडला," म्हणत तिनेच ती पुन्हा लावून टाकली. दुपारी आम्ही तिघांनी मिळून कुंपणाची तार ओढली. संध्याकाळी डॅडने रायफल पुसून ठेवली. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

मी लॅरमी शहरातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. दर फेब्रुवारीत, मेंढ्या विण्याआधी, रजा काढून घरी येते. या वर्षी तोवरच कायोटींनी चार गाभण मेंढ्या फाडल्या होत्या. लांडग्याचा हा धाकटा भाऊ सापळ्याला सहसा फसत नाही. फसला तर आपल्याच जातीच्या आवाजाला फसतो. आता बहुतेक शिकारी बॅटरीवरचं यंत्र झुडपात ठेवून देतात. माझा डॅड, एल्डन टेस्डाल, एकाहत्तराव्या वर्षीही दोन्ही हात तोंडाशी धरून स्वतःच्या गळ्यातून कोल्हेकुई काढायचा. आपल्या हद्दीत परका नर ओरडतोय असं वाटलं, की तिथला कायोटी जाब विचारायला येतो.

"उद्या मी एक कुई देऊन बघू?" मी जेवताना विचारलं.

"मारिट, तुझी कुई ऐकून कायोटी येत नाही. जनावरांचा डॉक्टर येतो."

आई हसली. "तीस वर्षं तू हेच बोलतोयस."

"तीस वर्षं ती तशीच ओरडतेय!"

आमची पद्धत ठरलेली होती. डॅड खाली घळीत बसायचा आणि मी वर, टेकडीच्या धारेच्या दक्षिण टोकाला, जुनिपरच्या झाडाखाली दुर्बीण घेऊन. आवाज काढायचा तो फक्त त्याने. वर बसणाऱ्याने खोकायचंही नाही, आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. कारण मी कुठे आहे हे ठाऊक असेल तरच त्याला बाकीच्या दिशांना गोळी झाडता येणार. साद आली आणि जनावर पुढे येईना, तर वारा तोंडावर घेत तो त्याच्याकडे सरकायचा.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. डॅडने पहिली कुई दिली. ती मध्येच चिरकली. दुसरी दिली, तीही. पलीकडून काहीच नाही. सोमवारपासून हेच चाललं होतं, आणि तो घरी येऊन रोज वाऱ्याला शिव्या घालत होता. दुर्बिणीतून मला स्वतःचे बूटही दिसत नव्हते. पाय बधिर झाले म्हणून मी उठले आणि धारेवरून उत्तरेकडे चारशेएक पावलं चालत गेले. तिथे मला त्याची तिसरी कुई ऐकू आली. इतकी बारीक, इतकी म्हातारी. मी हात तोंडाशी नेले आणि उत्तर दिलं.

मग खालून जो आवाज आला तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तुटक भुंकणं आणि त्यावर चढत गेलेली लांब कुई. डॅड तरुण झाला होता. मला हसू आवरेना. मी पुन्हा उत्तर दिलं.

त्यानंतर खालून काहीच आलं नाही.

थोड्या वेळाने बर्फ करकरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो निघाला होता. त्याच्या हिशेबी मी दक्षिणेला होते, आणि उत्तरेला होता कायोटी. माझा कोट तपकिरी, टोपी राखाडी. भरलेली रायफल घेऊन तो माझ्यावर चालून येत होता.

मी बर्फात पालथी पडले. हाक मारायला हवी होती. "डॅड, मी आहे," एवढंच. आधी लाज वाटली. मग भीती वाटली, की अशा धुक्यात अचानक आवाज झाला तर त्याचं बोट ट्रिगरवर आवळेल. करकर जवळ येत गेली. त्याचा श्वास ऐकू येऊ लागला, जड, शिट्टीसारखा. एकदा तो खोकला. शिकारीत तो कधी खोकत नसे. मग सगळं थांबलं.

तो नेम धरतोय, असं मला वाटलं. मी गाल बर्फात दाबला, डोळे मिटले. पाठीत गोळी नेमकी कुठे लागेल, ती जागा मला कळत होती, जणू तिथे कोणी बोट टेकवलं होतं. मी तशीच पडून राहिले. धुकं विरलं तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं होऊन गेली होती. तो माझ्यापासून वीस पावलांवर पडला होता, तोंड चढाकडे.

डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच गेला की हळूहळू, ते त्यांना सांगता आलं नाही.

शेजारचा लॉयल टिबेट्स डॅडला न्यायला स्लेज घेऊन आला. त्याला मी एवढंच सांगितलं, की टेकडीपलीकडून साद आली आणि डॅड तिच्यामागे गेला. वाऱ्याने तोवर माझे माग बुजवले होते. पुढचं लोकांनी रचलं. दफनानंतरच्या जेवणात, हॅमच्या बशा हातात घेऊन, ते एल्डनला दमवणाऱ्या त्या लबाड म्हाताऱ्या नराबद्दल बोलत होते. रात्री आई म्हणाली, "निदान त्याला उत्तर तरी मिळालं." मी भांडी विसळत राहिले.

आज तीन आठवडे झाले. लॉयल सकाळी कॉफीला आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"नऊ दिवस झाले, त्या नरासाठी ओरडून ओरडून घसा गेला," तो म्हणाला. "हूं की चूं नाही."

"तुझा आवाज ऐकून तो राज्य सोडून गेला असेल," आई म्हणाली.

"हस, व्हर्ना. पण त्याचं कातडं मी तुझ्या दारावर ठोकणार. एल्डनचं तेवढं देणं लागतो मी."

"त्या कमरेने? चौऱ्याहत्तर वर्षांचा झालास तू."

"उद्या खालून नाही, एल्डन चढला तसाच चढतो. त्याच घळीतून."

कप ओठाशी नेताना त्याच्या छातीतून डॅडच्या श्वासातली तीच शिट्टी येत होती. आईच्या चेहऱ्यावर, डॅडला उत्तर मिळालं या तिच्या एकुलत्या एका समाधानाचं हसू होतं. ते काढून घ्यायचं, नाहीतर उद्या याला त्या चढावर जाऊ द्यायचं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"जाऊ नकोस, लॉयल. तिथे कायोटी नव्हता. आई, ऐक. डॅडला उत्तर मी दिलं. दोनदा दिलं. तो वर येताना मला ऐकू येत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मी घाबरून तोंडातून शब्द काढला नाही."