तेरा एक

जळगावात निवृत्त होऊन बसलेल्या तोताराम सरांना नातीनं, भूमिकानं, विचारलं, "आजोबा, ओळीनं तेरा एक मांडले तर ती मूळ संख्या होते का?"

"होते की!" सर खुलले. "लाख कोटींच्या वरची संख्या, पण एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानंही भाग जात नाही."

भूमिकानं मोबाईलवर भागून दाखवलं. त्रेपन्ननं भाग जात होता.

सरांनी मोबाईल हातात घेऊन पुन्हा भागून पाहिलं. चोवीस वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातल्या शाळेत त्यांनी दारातल्या फळ्यावर सुविचाराखाली हीच संख्या लिहिली होती: 'तेरा एक, मूळ संख्या.' त्याआधी एकेक मूळ संख्या घेऊन सत्तेचाळीसपर्यंत भागून पाहिलं होतं आणि कंटाळून तिथंच सोडलं होतं. पुढची मूळ संख्या त्रेपन्न! नववीतली रत्ना वही घेऊन आली होती, "सर, त्रेपननी भाग जास." वही न बघताच सर कडाडले, "उचलली जीभ लावली टाळ्याला!" आणि तालुक्याच्या गणित स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव खोडलं. एवढ्याशा पोरीसाठी सगळ्या शाळेदेखत फळा पुसायचा, याची त्यांना लाज वाटली होती. लाजच, दुसरं काही नाही.

शाळेच्या जुन्या शिपायाकडून, जीवरामकडून, त्यांनी रत्नाचा ठावठिकाणा काढला. धुळ्याला बस बदलून साक्री गाठली. आठवडे बाजारात ती भुईमुगाच्या शेंगा विकत होती. सरांना बघताच उठली, डोक्यावर पदर घेतला, पाया पडली.

"सर! तुमीन इतला दूर काबर उनात?"

"रत्ना, तुझं बरोबर होतं. त्रेपन्ननं भाग जातो. मी चुकलो, बाई. मला माफ कर."

तिनं सरांचा पेन मागितला. कागदाच्या पुड्यावर तेरा एक मांडले आणि भागायला बसली. आधी हात अडखळला, मग भराभर चालला. बाकी शून्य आली. आता ती हसेल, नाहीतर चार शब्द सुनावेल, मग आपलं ओझं उतरेल, असं सरांना वाटत होतं. ती कागदाकडेच बघत राहिली.

"मी समजनू, मीच चुकनू," ती म्हणाली. "तुमीन सांगं म्हनीसन."

"अगं, पण तू पुन्हा कधी करून बघितलं नाहीस?"

"नही सर. आकडासले हातच लावा नही." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मन्ही पोर डिंपल दहावीले गनितमा पहिली उनी व्हती. सायन्स लेसू म्हने. मीच नको सांगं. आपला घरमा गनित नही, म्हंतं."

"मग आता काय करते ती?" सरांनी घाईनं विचारलं. "मी बोलतो तिच्याशी."

"मांगला मे महिनामा तिन्हं लगीन करी टाकं, सर."

तोताराम सर एकीचीच माफी मागायला आले होते.