काठावरचं लुगडं

"लुगडं नेसव बे तिले!" महादेवराव दलाल वखारीच्या भिंतीसमोर छत्री आपटत ओरडले. "भर बाजारात उघडी बसवली बाई!"

"मालक, कमरेखाली मासोळी हाये ते," चंद्रभान चिताऱ्यानं शिडीवरूनच उत्तर दिलं. "मासोळीले कासोटा कुठून घालू?"

कापसानं अकोल्याला वेड लावलं होतं, तेव्हाची गोष्ट. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे मोर्णा नदीकाठची कुत्रीसुद्धा कापसाच्या गादीवर झोपू लागली. खोटं वाटत असेल त्यांनी कुत्र्यांनाच विचारावं. वखारीच्या गोऱ्या साहेबाच्या गाठींवर जलपरीचा शिक्का असे. तीच भिंतीवर हत्तीएवढी रंगवायची, असं फर्मावून, वखार महादेवरावांवर सोपवून साहेब मुंबईला निघून गेला. चंद्रभाननं आजवर लग्नघरांवर मोर रंगवलेले. समुद्र त्याच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. तरी त्यानं पाणी असं रंगवलं, की गाड्यांचे तहानलेले बैल येऊन भिंत चाटू लागले. त्यातल्या एकाची तहान भागलीही.

बैल खूश, माणसं नाखूश. कुणी म्हणालं, ही तर डोहातली आसरा, पाण्यातली देवता, हिला हिरव्या बांगड्या हव्यात. भरल्या. कापूस वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, नाक रितं दिसते, नथ घाला. घातली. महादेवरावांनी चोळी मागितली. तीही भिंतीवरच शिवून झाली. एवढं सोसून गडी अडला तो लुगड्यापाशी.

"अवो, नेसवून टाका ना एकदाचं," घरी भाकर थापता थापता त्याची बायको जमुना म्हणाली. "एरवी बायकोसमोर गरीब असनारा मानूस, साऱ्या गावाशी काहून भांडून राहिले?"

"तिले पोहाचं हाये."

"भिंतीवरच्या बाईले?"

"लुगडं भिजलं का पायात अडकते, जमुना."

जमुनेचा हात परातीत तसाच राहिला. त्यांची लेक सत्यवती मासोळीसारखी पोहायची. सासरी जायची तयारी चालली असताना, पहिल्यांदाच नेसलेल्या नऊवारीनिशी डोहाच्या काठावरून तिचा पाय घसरला, आणि ती वर आलीच नाही. लोक म्हणाले, आसरांनी नेली. जमुनेनंही तेच घट्ट धरलं होतं. त्या लुगड्याचं नाव त्यानंतर या घरात आज पहिल्यांदा निघालं.

तव्यावरची भाकर करपली. कुणी उलटली नाही.

"लाल होतं," जमुना म्हणाली. "पिवळ्या काठाचं."

सकाळी महादेवरावांनी निर्वाणीचं सांगितलं, "सांजेपर्यंत भिंतीवर लुगडं दिसलं पायजे. नाई त उचल शिडी!"

सांजेला लुगडं दिसलं. लाल, पिवळ्या काठाचं, पुरतं नऊवार. नदीकाठच्या खडकावर वाळत घातलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चार दगड ठेवलेले. आणि जलपरी शेपटी उडवत पाण्यात, जिथल्या तिथं.

"हे काय बे?"

"लुगडं, मालक."

"माही मस्करी करून राहिला? रऊफ! चुना आन! पूस हे सोंग!"

चुनेवाला रऊफ बादली घेऊन आला. त्यानं चित्र खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सब पुसू का मालक? लुगडं बी?"

महादेवरावांची पंचाईत झाली. ज्याच्यासाठी घसा फोडला, तेच पुसा म्हणायला जीभ रेटेना. "ते राहू दे," ते गुरगुरले. "लुगड्यानं काय वाईट केलं?"

बाजाराच्या दिवशी जमुना मुद्दाम वखारीवरून आली. चंद्रभान भिंतीशी मान खाली घालून उभा होता. सगळीकडे पांढरा चुना, आणि एका कोपऱ्यात खडकावर लाल लुगडं.

"पुसली त्यायनं तिले," तो म्हणाला.

जमुना पदराआडून पाहत राहिली.

"पुसली कुठं? लुगडं ठेवून गेली ते," ती म्हणाली. "आता लय दूर गेली असन."

तेवढ्यात एक बैल गाडीसकट पुढं सरकला आणि पांढरी भिंत हुंगू लागला. चंद्रभाननं त्याला हाकललं नाही.