डावीकडे ओढणारी सुरी

मित्रांनो, मी सुरी आहे. वय फार झालेले नाही, पण दमलेली मात्र पुष्कळ आहे. तुमच्या घरी मिटून खिशात ठेवायचा चाकू असेल. मी तशी नाही. माझे पाते मुठीच्या शेवटापर्यंत एकाच पोलादाचे आहे. मला मिटता येत नाही. आडोशाला जायचे तर चामड्याचे म्यान, नाहीतर कपाटाचा खण, एवढीच काय ती सोय.

माझ्या पाठीवर, मुठीला लागून, सातचा आकडा कोरलेला आहे. आकडा नखाएवढा, पण माझी उमेदीची वर्षे त्यानेच खाल्ली.

एका गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक खोली होती. आत भट्टी, ऐरण, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोलादाच्या पट्ट्या आणि एक मोठी खिडकी. तिथे एक म्हातारे कारागीर एकटेच काम करत. वर्षाला बरोबर चोवीस सुऱ्या. पंचविसाव्या सुरीसाठी कुणी कितीही गळ घातली, तरी ते म्हणत, "दोन हातांत एवढंच मावतं हो."

मला त्यांनी भट्टीत लाल केले आणि तेलात बुडवले. तो चर्र आवाज अजून माझ्या अंगात आहे. याला आमच्याकडे पाणी देणे म्हणतात, मग ते तेलाचे का असेना. नंतर फिरत्या घासणीवर माझ्या दोन्ही अंगांना उतार दिला, म्हणजे पाठीकडून धारेकडे मला निमुळते केले. मुठीला अक्रोडाचे लाकूड आले. पितळेच्या तीन खिळ्यांनी ते असे बसले की मधून केस जाणार नाही.

आम्हा चोवीस जणींचे चोवीस धनी आधीच ठरलेले असत. ज्याचा जो नंबर, तो त्याचा कायमचा. सात नंबरची सुरी दरवर्षी सात नंबरच्या माणसाकडेच जायची. एका वर्षी जरी तो नको म्हणाला, तरी नंबर गेला. मागे रांगेत साठ माणसे टपलेली. त्यामुळे नको असे कुणी म्हणतच नसे. ही मंडळी एकमेकांना हाकसुद्धा नंबरानेच मारत.

"काय अठरा, बरं आहे ना?"

"मजेत, सात. गुडघे सोडून."

त्यांचे नियमही ठरलेले होते. सुरी वापरायची नाही. कारागिरांच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाचा दगड तिच्या धारेला लावायचा नाही. 'वापरलेली' हा त्यांच्यात फार वाईट शब्द होता.

माझा उतार घासताना कारागिरांचा उजवा हात थरथरला. एकदा नाही, तीनदा. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि काम पुरे केले. मग खिडकीपाशी नेऊन मला उलटसुलट करून बघितले. बराच वेळ बघितले.

"वाकडी झालीस का गं?" ते मला म्हणाले. "का माझेच डोळे दगा देतायत?"

मला काय उत्तर देता येणार? त्यांनी मला फडक्याने पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, "जाऊ दे सात नंबरला. दातातली केसाएवढी भेग दिसते त्या माणसाला. वाकडी असेल तर तो सांगेल. मग थांबू."

मित्रांनो, मी त्या खोलीतून निघाले ती नुसती सुरी म्हणून नाही. मी एक प्रश्न होते.

सात नंबर म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांच्याकडे माझ्याआधी दहा वर्षांच्या दहा सुऱ्या होत्या, सगळ्या सात नंबरच्या. मी अकरावी. डॉक्टरांनी खोक्यावरची दोरी कापली नाही, गाठ सोडवली. दवाखान्यातला दिवा कपाळावर बांधला आणि मला उजेडात धरले. उजव्या अंगाच्या उताराची रेघ सरळ होती. डाव्या अंगाची टोकाकडे वर चढत गेली होती. डॉक्टरांचा अंगठा त्या रेघेवर येऊन थांबला. त्यांनी दिवा काढला, चष्मा पुसला, पुन्हा दिवा बांधला. 

मला वाटले, आता सांगतील. त्यांनी पत्र लिहायला घेतले. लिहिता लिहिता पुटपुटायची त्यांना सवय होती, म्हणून मला ते ऐकू आले. "सुरी पोचली. नेहमीसारखीच सुंदर. हात असेच चालत राहोत."

त्याच संध्याकाळी अठरा नंबरचा फोन आला.

"तुझी कशी आली?"

"उत्तम. तुझी?"

"उत्तमच की. बाकी?"

"बाकी ठीक."

मी खणात गेले. हिरवे बनातीचे जाड कापड अंथरलेला लांब खण. दहा बहिणी ओळीने निजलेल्या, सगळ्या सरळ. महिन्यातून एका रविवारी खण उघडे. डॉक्टर एकेकीला मऊ फडक्याने पुसत, तेलाचा एक थेंब लावत, उजेडात धरत, "वा" म्हणत आणि परत ठेवत. माझी पाळी आली की ते मला लवकर पुसत. 'वा' तेवढाच म्हणत, पण माझ्याकडे न बघता. खोट्या कौतुकाने थकवा येतो, हे मला तिथे कळले. दिवसभर राबून येतो तो थकवा झोपेने जातो. हा जात नाही.

पुढच्या वर्षी बारावी आली. ती माझ्याहून वाकडी. डॉक्टरांनी लिहिले, "नेहमीसारखीच सुंदर." त्याच्या पुढच्या वर्षी तेरावी आली, तीही दोन महिने उशिरा.

"का गं उशीर?" मी खणात तिला विचारले.

"हात घासणीत गेला त्यांचा," ती म्हणाली. "तळहाताला नऊ टाके पडले. पट्टी सुटल्यावर पुन्हा बसले. म्हणत होते, सगळेच छान म्हणतात, म्हणजे काम अजून होतंय. आपणच उगीच शंका घेतो."

पोलादाला रडता येत नाही, हे बरेच आहे. रडले असते तर गंजले असते.

आता डॉक्टरांच्या बायकोबद्दल सांगते. त्या घरीच शिवणकाम करत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. त्यांचे आणि आमच्या खणाचे कधी पटले नाही. "तेरा सुऱ्या घरात," त्या म्हणायच्या, "आणि मी कांदा चिरते मूठ हलणाऱ्या चाकूने. कुणाला सांगायची सोय नाही!"

एका दुपारी त्या चाकूची हलणारी मूठ शेवटी निघालीच. ओट्यावर लाल भोपळा, चुलीवर तापलेले भांडे आणि डॉक्टर दवाखान्यात. मावशींनी खण उघडला आणि हाताला आली ती उचलली. ती मी होते.

मित्रांनो, तीन वर्षांनी माझी धार कशाला तरी लागली. भोपळ्याची साल कडक होती. मी आत शिरले, आणि शिरता शिरता डावीकडे सरकले. फोड पडली ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. मावशींनी दुसरी कापली. तीही तशीच. त्यांनी माझे टोक डोळ्यासमोर धरून पाहिले, जशा त्या कापडाची घडी बघत.

डॉक्टर जेवायला घरी आले आणि दारातच थबकले.

"वापरलीस?"

"सुरी आहे ती. वापरली."

"अगं, तिला पाणी लागलं!"

"भोपळा रडला नाही, तुम्ही कशाला रडताय? आणि हे बघा आधी." मावशींनी ती फोड पुढे केली. "ही डावीकडे ओढते. तुम्हाला माहीत आहे?"

डॉक्टर खुर्चीवर बसले. पायातले बूट काढायचेही राहिले.

"तीन वर्षं माहीत आहे."

मावशींनी मला ओट्यावर ठेवले. "मग त्यांना सांगितलंत?"

"कसं सांगू? त्या माणसाचं सगळं त्या हातांत आहे. वाकडी आहे म्हटलं तर ते थांबतील."

"आणि नाही सांगितलंत, तर काय झालं? उशिराच्या चिठ्ठीत त्यांनीच लिहिलं होतं ना, नऊ टाके झाले."

"अठराही काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही."

"म्हणजे चोवीस शहाणी माणसं मिळून एका म्हाताऱ्याला फिरत्या घासणीपुढे बसवून ठेवलंत. अहो, मी शिवलेली बाही आखूड झाली तर बायका दारातूनच ओरडतात मला. म्हणून मला कळतं कुठे चुकलं ते. त्यांना कोण सांगणार?"

डॉक्टर म्हणाले, "माझा नंबर जाईल, म्हणून नव्हे हं."

मावशींनी त्या दोन फोडी बाजूला काढून ठेवल्या. मग डॉक्टरच म्हणाले, "थोडं त्यासाठीही असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला. मला फडक्यात गुंडाळले आणि दोघे त्या गल्लीच्या टोकाला गेले.

खोली तशीच होती. कारागीर मात्र निम्मे झाले होते. भिंतीशी त्या वर्षाची चोवीस पाती अर्धवट घासून उभी होती. ती उजेडात कशी चमकत होती, सांगू? एकाची चमक दुसऱ्याशी जुळत नव्हती.

"या, डॉक्टर! वहिनीसुद्धा? आज काय विशेष?"

डॉक्टरांचे हवेबद्दल बोलून झाले. रस्त्याबद्दल बोलून झाले. खिडकीच्या काचा मोठ्या छान आहेत, हेही सांगून झाले. मग मावशींनी पिशवीतून मला काढले, भोपळ्याच्या दोन फोडी काढल्या आणि सगळे ऐरणीवर मांडले.

"भाऊजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमची सुरी डावीकडे ओढते."

भट्टीचा पंखा तेवढा घरघरत राहिला. कारागिरांनी एक फोड उचलली. जाड बाजूवरून बोट पातळ बाजूकडे नेले आणि परत आणले. मला हातात घेतले, तेव्हा त्यांच्या तळहातावरचा टाक्यांचा वळ माझ्या मुठीला लागला.

"ही अकरावी ना?" ते म्हणाले. "हिला मी मुद्दाम तुमच्याकडे पाठवलं होतं, डॉक्टर. विचारायला. बाकीच्यांचं काय, ते छानच म्हणणार. पण म्हटलं, सात नंबरच्या नजरेतून सुटणार नाही."

डॉक्टरांची मान खाली गेली. "सुटलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही लिहिलंत, नेहमीसारखीच सुंदर. तेव्हा मी ठरवलं, हात ठीक आहेत, डोळे गेलेत. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही आणि हातांना जुंपत राहिलो." ते रागावले नव्हते. रागवायलासुद्धा जोर लागतो. "दमलो हो मी. रोज सकाळी वाटायचं, आज कुणाचं तरी पत्र येईल, पुरे म्हणणारं. यायचं ते कौतुकाचं."

मग त्यांनी भिंतीजवळच्या चोवीस पात्यांकडे पाहिले आणि सरळ विचारले, "डॉक्टर, आता तरी सांगा. भट्टी विझवू का?"

डॉक्टरांना उत्तर द्यायला तीन वर्षे लागली होती. आणखी एक मिनिट लागले.

"विझवा," ते म्हणाले.

कारागिरांनी पंखा बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की पत्र्यावरून चालणाऱ्या चिमणीचे पाय ऐकू आले. त्यांनी गळ्यात अडकवलेला चामड्याचा एप्रन काढून खुंटीला लावला, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. त्या हातांना असे रिकामे बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मावशींनी तोंड फिरवून पिशवीत उगीचच काहीतरी शोधले.

त्या रात्री डॉक्टरांनी फोन करायला घेतले. अठरा नंबर ऐकून घेऊन म्हणाला, "माझीही वाकडीच होती रे. तिन्ही वर्षं." तेवीस जणांनी तेच सांगितले. चार नंबरने वर विचारले, "मग संग्रहात शेवटची कोणती धरायची?" त्यावर डॉक्टरांनी फोन ठेवून दिला.

मी परत खणात गेले नाही. मावशींनी माझ्यासाठी ओट्यावरच्या भिंतीत एक खिळा मारला. कारागीर म्हणाले होते, "द्या, सरळ करता येते का बघतो," पण मावशींनी मला दिले नाही. आता त्या मनगट जरासे उजवीकडे कलते करतात आणि फोडी सारख्या पडतात. रोज कांदा, भोपळा, पाव, कधी शिवणाचे पुठ्ठेसुद्धा. धार झिजली की डॉक्टर स्वतः दगडावर लावून देतात. मुठीचा रंग काळवंडला. संग्राहकांच्या हिशेबी मी कायमची बाद झाले. आता संध्याकाळी मी दमते, पण ते दमणे साधे आहे, सकाळपर्यंत जाते.

मित्रांनो, सुरी कोरडी ठेवा, तेल लावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या मायेच्या माणसाने आपल्या हातचे काम पुढे ठेवून 'कसं झालंय?' असे विचारले, तर ते खरोखर विचारते आहे असे धरा. त्याची वस्तू वापरून बघा. ओढत असेल तर सांगा, हळू आवाजात सांगा, पण वेळेवर सांगा. मला तीन वर्षे मखमलीत ठेवल्यासारखे जपले, आणि त्याच तीन वर्षांत ते दोन हात कुणी जपले नाहीत.

कारागीर अधूनमधून जेवायला येतात. हातात काठी असते, पण चेहरा निवलेला. ताटावर बसण्याआधी ते ओट्यापाशी येतात, मला खिळ्यावरून काढतात आणि उजेडाकडे धरतात.

"काय वहिनी, अजून ओढते का?"

"ओढते, भाऊजी. चांगलीच ओढते."

"बरं," ते म्हणतात आणि मला जागेवर ठेवून जेवायला बसतात.