आडवाटेवर आलेली माणसं

रोह्याच्या समीक्षाने आणि तिच्या कॉलेजातल्या मित्राने, सुजयने, ‘आडवाट’ सुरू केली तेव्हा ती फार वाढावी अशी दोघांचीही इच्छा नव्हती. एक छोटासा सर्व्हर आणि त्यावर मराठीतून लिहिणारी शे-दोनशे माणसं. कुणी पक्ष्यांचे फोटो टाकायचं, कुणी रानभाज्यांचे, कुणी जुन्या शब्दांवरून वाद घालायचं. अशा सर्व्हरांचं जाळं जगभर पसरलेलं आहे. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, पण एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. मधे कुठली मोठी कंपनी नाही आणि कुणाचं लिखाण कुणापुढे आणायचं हे ठरवणारं यंत्रही नाही. तुम्ही ज्याला जोडून घ्याल त्याचंच तुम्हाला दिसणार.

समीक्षा धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. शिफ्ट संपवून घरी आली की चहा घेता घेता ती आडवाटेवर नजर टाकायची. करण्यासारखं फारसं काही नसायचं. इतक्या वर्षांत माणसं एकमेकांना ओळखू लागली होती, रीतभात ठरून गेली होती. महामार्गालगतच्या खांब गावातल्या सुरभीला डोळ्यांनी दिसत नसे. तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवी, पण फोटो आला की नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढे जाई. म्हणून फोटोखाली त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहायचं असा रिवाज पडला होता. तो कुणी मोडत नसे.

मग श्रावणात पेणकडची माणसं आली.

पेणच्या खाडीकाठच्या गावांचं एका मोठ्या कंपनीच्या साइटवर पान होतं. भरती-ओहोटीच्या वेळा, बांध फुटून कुठे खांड पडली, कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलं, अशा बातम्या त्यावर यायच्या. ते चालवणारा जनू म्हात्रे भातशेती करायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचा. हजारो माणसं त्याचं पान बघत. एका सकाळी ते बंद झालं. नियमभंग झाला, एवढंच कळवलं गेलं. कुठला नियम, ते नाही. जनूने चार-पाचदा विचारलं, प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर आलं. मग कुणीतरी त्याला आडवाटेबद्दल सांगितलं आणि आठवड्याभरात पाऊणएकशे माणसं त्याच्या मागोमाग तिथे दाखल झाली.

आल्या आल्या त्यांनी गुलाबाच्या फुलांवर लिहिलेली सुप्रभातं टाकली, वाढदिवसाचे बॅनर टाकले. एकाच बांधाचे बारा फोटो आले आणि एकाखालीही ओळ नव्हती. सुरभीने समीक्षाला फोन केला.

“सकाळपासून माझा फोन नुसता चित्र, चित्र, चित्र म्हणतोय,” ती हसत म्हणाली. “कोण आलंय गो एवढं?”

सुजयला मात्र हसू येत नव्हतं. “नाव नोंदणी बंद कर,” तो म्हणाला. “ही माणसं व्हॉट्सॅपचा ग्रुप समजून आली आहेत. आपली जागा घालवतील.”

“शिकतील हळूहळू,” समीक्षा म्हणाली, आणि नियम लिहून पाठवायच्या कामाला लागली. तिने जनूला लिहिलं की फोटोखाली वर्णन लिहा. मग लिहिलं की एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नका. मग लिहिलं की प्रत्येक मजकुरात सगळ्यांना टॅग करून हाका मारू नका. तिची भाषा नेहमी सौजन्याची असे. जनू अंगठ्याचं चित्र पाठवी आणि थोडंफार ऐकेही. एकदाच त्याने उलट विचारलं होतं, “ताई, हे किती लोकांनी बघितला ते इथे दिसत नाय का?” तिने कळवलं, नाही दिसत, मुद्दामच तसं ठेवलं आहे.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी लॅबमध्येच तिला अनोळखी नंबरावरून फोन आला.

“आडवाटवाल्या बाई तुम्हीच काय?” पलीकडचा माणूस म्हणाला. “मी काळुराम. माझा टेम्पो हाय. तुमच्याकडं माझा फोटो लावलाय, तो काढून टाका.”

तिने बघितलं. फोटो जनूने टाकला होता. खाडीच्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायला दारं असतात, त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. अशा एका उघाडीवर एक जाडसर माणूस हातात लोखंडी पहार घेऊन उभा होता. वर लिहिलं होतं, ‘रात्री उघाडी उघडून आपल्या शेतात खारा पाणी सोडणारा हाच तो. ओळखून ठेवा.’ खाली काळुरामचं नाव आणि गाव. पन्नासेक जणांनी तो फोटो पुढे पाठवला होता.

“उघाडीची फळी अडकली होती, ती खाली बसवायला गेलेलो मी,” काळुराम सांगत होता. “बंद करायला. उघडायला नाय. आता गावात कोण माझ्या टेम्पोत माल घालत नाय. माझ्या पोरीला क्लासमध्ये विचारतात.”

समीक्षाने तो फोटो तिथल्या तिथे काढून टाकला आणि जनूला तसं कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. “तिकडं मशीननं आमचा पान काढला, इथं तुम्ही फोटो काढून टाकता. फरक काय?” दोन दिवस पेणकरांनी आडवाटेवर नुसता तोच एक प्रश्न विचारला.

काळुरामचा परत फोन आला. “बाई, अजून दिसतोय.”

तिने शोधून पाहिलं. आडवाटेवरून फोटो गेला होता, पण तो पुढे पाठवला गेला तेव्हा त्याच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरांवर पोचल्या होत्या. इथे काढल्याचा निरोप तिथे जातो. तो मानायचा की नाही, हे तिथल्या यंत्रावर आणि चालकावर. त्यातल्या एका मोठ्या सर्व्हरने तर, तुमच्याकडून बदनामी आणि कचरा येतो, असं म्हणून आडवाटेशी संबंधच तोडला होता. त्यामुळे तिथे तिचा निरोपही पोचत नव्हता.

“म्हणजे तुमच्या हातात नाय?” काळुरामने विचारलं.

“सगळं नाही,” ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला.

सुजय त्या संध्याकाळी समीक्षाच्या घरी आला. ज्या सर्व्हरने संबंध तोडला त्यावर त्याचे निम्मे मित्र होते. एका रात्रीत ते सगळे दिसेनासे झाले होते. “जनूला काढ, त्याच्याबरोबर आलेल्यांना काढ, तसं जाहीर कर, म्हणजे ते परत जोडून घेतील,” तो म्हणाला.

“त्या पाऊणशेंनी काय केलं? फोटो एकाने टाकला.”

“पन्नास जणांनी पुढे पाठवला.”

“मी आधी जनूला भेटून येते,” समीक्षा म्हणाली. सुजयने चहाचा कप अर्धाच ठेवला आणि तो उठला.

रविवारी सकाळी ती दिव्याकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीने निघाली. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. तिथे तिने जनूला आजवर काय काय लिहिलं ते फोनवर वरपासून खाली वाचून काढलं. सगळे नियमच होते. त्याने बांधाबद्दल, भरतीबद्दल, मेलेल्या भाताबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. त्याखाली आडवाटेवरच्या जुन्या माणसांची जी काही उत्तरं होती ती, वर्णन लिहा, एवढीच. तिने स्वतःही एकदा विचारलं नव्हतं की पाणी किती आत आलं.

पेण स्टेशनवरून तिने रिक्षा केली. गाव खाडीला लागून होतं. जनूच्या घरापुढे उभं राहिलं की त्याचं शेत दिसायचं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या धरायच्या बेतात असायला हवं होतं. ते तांबूस पडून झोपलं होतं.

“तीन वर्षं इथे काय येणार नाय,” जनू म्हणाला. तो तिला वाटलं होतं त्याहून बुटका आणि हळू बोलणारा निघाला. त्याच्या बायकोने, सीताबाईने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती दारातच बसली.

समीक्षाने काळुरामचं म्हणणं सांगितलं, फोटो अजून दुसरीकडे दिसतो हेही. जनू ऐकत राहिला, पण त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“मागल्या आठवड्यात कळला. फळी कुजलेली होती. पाण्याच्या जोरानं उचलली.”

“मग फोटो तेव्हाच का काढून टाकला नाहीत?”

जनूने शेताकडे बघितलं. “ताई, तिकडं मी नुसता ‘भरती वाढली’ लिहिला तरी पाचशे लोक विचारायचे, जनूभाऊ, पाणी कुठं आलाय. तुमच्याकडं कोण बोलतच नाय. शेत गेला तो फोटो टाकला, तर म्हणतात खाली ओळ लिहा. हा एकच फोटो चालला. लोक बोलायला लागले. वाटला, राहूदे अजून दोन दिवस.”

“काळुरामाची बायको बाजारात माझ्याकडं बघत पण नाय,” सीताबाई दारातून म्हणाली. “मी सांगितलेला यांना.”

“आता काढून टाका ना सगळीकडनं,” जनू म्हणाला. “मी काय म्हणत नाय.”

“मला येत नाही काढता.”

“मग तुमच्या वरच्या साहेबाला सांगा.”

“वरचा साहेब नाहीच आहे कुणी,” समीक्षा म्हणाली.

हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पटलं तेव्हा तो जरा घाबरल्यासारखा झाला. मग त्याने फोन घेतला आणि तिच्यासमोरच लिहिलं, की काळुरामने पाणी सोडलेलं नाही, उलट तो बंद करायला गेला होता, मी खोटं लिहिलं, माझी चूक झाली. चूक हा शब्द त्याने एकदा पुसला आणि परत लिहिला. समीक्षाने तो मजकूर आपल्या नावावरून पुढे पाठवला. परत जाताना गाडीत तिने जमेल तेवढ्या सर्व्हरांच्या चालकांना पत्रं लिहिली.

काहींनी त्याच दिवशी फोटो काढून टाकला. एकाचं उत्तरच आलं नाही. ज्याने संबंध तोडला होता त्याच्याकडे तिने दुसऱ्या सर्व्हरवरून खातं उघडून विनंती केली. पंधरवड्याने तिथली प्रत गेली, संबंध मात्र तुटलेलेच राहिले. जनूचा खुलासा फोटोच्या मानाने फारच थोड्या लोकांनी पुढे पाठवला.

सुजय आडवाट सोडून गेला. अशा जाळ्यात जाणं सोपं असतं. माणूस आपली ओळख आणि आपले वाचक घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर राहायला जातो, जुन्या जागी नुसती नव्या पत्त्याची पाटी उरते. समीक्षाने नव्या पत्त्यावर त्याला जोडून घेण्याची विनंती पाठवली. ती त्याने मान्य केली. रोह्याच्या बाजारात दोघं भेटतात तेव्हा पावसापाण्याचं बोलतात.

दिवाळीच्या सुमाराला जनूचं कंपनीच्या साइटवरचं जुनं पान आपोआप पुन्हा सुरू झालं. कारण याही वेळी कळलं नाही. बहुतेक पेणकर त्याच्याबरोबर परत गेले. जाताना जनूने आडवाटेवर लिहिलं, “सर्वांचे आभार. इथं शांतता हाय, पण आम्हाला गर्दीची सवय.” सुरभीने त्याला विचारलं, शेताचं काय झालं? त्याने त्या एका प्रश्नाला इतकं लांब उत्तर लिहिलं की सुरभीचा फोन ते बराच वेळ वाचत होता.

पंधरा-वीस जण राहिले. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यांत काळुरामची भर पडली. तो खातं काढून आला तो आपला फोटो गेला का ते रोज तपासायला. तपासून झालं की तो जरा वेळ इकडेतिकडे वाचायचा. चालक म्हणून समीक्षाला ते दिसत होतं. एका सोमवारी त्याने पहिल्यांदा लिहिलं, “कोलाडपर्यंत रस्ता चालू हाय का? गाडीत माल हाय.”

खांबवरून सुरभीने लगेच उत्तर दिलं, “सकाळपासून हॉर्न थांबलेले नाहीत. तासभर थांबून निघा.”

“बरं ताई,” काळुरामने लिहिलं, आणि टेम्पो नाक्यावर लावून तो वडापाव खायला गेला.